हाताला हलकी लागली

परवा बँकेनं सगळ्या स्टाफला ट्रेनिंगला बसवलं, विषय आत्मसन्मान आणि आनंदी जीवन. मी स्टाफ नाही, पॅनेलवरचा सराफ, पण चहा-नाष्टा होता म्हणून मलाही बोलावलं. कोटवाले सर म्हणाले रोज सकाळी आरशासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणा, मी मौल्यवान आहे. सगळे म्हणाले, मीपण म्हणालो, आणि डोक्यात आली ती 2022 च्या जूनमधली पाटली.

माझं काम थोडक्यात सांगतो. सोनेतारणाला आलेला दागिना तपासायचा, वजन, कस, लाख-खडे वजा करून निव्वळ वजन काढायचं आणि सही ठोकायची. एका दाखल्यामागं मिळतात चहापाण्याचे पैसे, पण दागिना खोटा निघाला तर वसुली आमच्याकडून. माझ्याकडून एकदा झालीय. त्यानंतर मी ठरवलं की आता कुणी फसवायचं नाही आपल्याला, आणि खोटं दिसलं की तोंडावर सांगायचं. लोक म्हणायचे अण्णा स्पष्ट माणूस. मला ते फार आवडायचं.

पेरणीचे दिवस, शाखेत मरणाची गर्दी. साठीच्या पुढची एक मावशी, सोबत तिशीतला मुलगा. तिनं हातातल्या दोन पाटल्या काढून काउंटरवर ठेवल्या, साबण न लावता, मुठी आवळून सोडून, खूप वर्षांच्या सवयीच्या बाईला जमतं तसं. मी दोन्ही उचलल्या आणि तिथंच कळलं. एक हाताला हलकी लागली. काट्यावर एक 15 ग्रॅमच्या थोडी वर, दुसरी पावणेआठसुद्धा नाही, आकार मात्र डिट्टो तोच. (हल्ली सगळे कॅरेट बघायच्या मशीनचं कौतुक सांगतात, पण ते मशीन वरवरचंच बघतं, मुलामा जाड असला तर तेही फसतं. हात फसत नाही.)

तरी रीत म्हणून कस लावला. नवीन पोरं इथंच गंडतात, मुलाम्याची पण कसोटीवर पिवळीजर्द रेघ उठते. आधी आतल्या कडेला कानशीचा एक घाव मारायचा आणि मग तिथं घासायचं. घाव मारला तर लाल. ॲसिडचा थेंब टाकला तर हिरवा फेस, आणि दगडावरची रेघ गायब. तांबं.

आणि मी, सवयीनं, अख्ख्या शाखेला ऐकू जाईल असं बोललो, "मावशी, ही खोटी आहे."

लाइनमधली माणसं वळून बघायला लागली. मॅनेजर केबिनमधून उठून आला, आमच्या मॅनेजरला घाबरायला निमित्तच लागतं, लगेच पोलिसात कळवायचं का म्हणून. मुलगा खाली फरशीकडं बघत होता, कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. मावशीनं एकदा त्याच्याकडं पाहिलं. एकदाच. मग मला म्हणाली, "व्हय, म्हाईत हाय मला. बारा वर्सं झाली. माझ्या आजारपणात मीच मोडली आन ही करून घेतली. चुकून दोन्ही काढल्या बघा."

आता हे खोटं होतं. खऱ्या पाटलीची आतली कड झिजून गुळगुळीत झालेली, मनगटाच्या आकारानं किंचित लांबट झालेली. दुसरी आतून कोरी करकरीत, मुलाम्याला ओरखडा नाही. बारा वर्षं सोडा, बारा आठवडे पण हातात नव्हती. आजच कळलं होतं तिला, माझ्याकडून, वीसेक माणसांसमोर.

मी तोंड उघडलं होतं. ती माझ्याकडं बघत होती, विनवणी बिनवणी काही नाही, सरळ. मी मिटलं. ती म्हणाली, "खरीवर किती बसत्यात त्येवढं सांगा." भाव ग्रॅमला 4,650 च्या आसपास, त्याचे 75 टक्के, 52 हजार बसले. तिनं अंगठा नाही, सही केली, एकेक अक्षर सावकाश, मागची लाइन चुळबुळत असताना.

माझे वडील बाळांचे कान टोचायचे. आधी जिभेवर गूळ, मग पोर गूळ चाखत असताना तार आरपार, पोराला कळायच्या आत. सोनारानंच कान टोचावे असं लोक म्हणतात ते त्या गुळामुळं, हे मला त्या दिवशी रात्री जेवताना सुचलं, पन्नाशीत. मला फक्त तार माहीत होती. मी ज्याला स्पष्टपणा म्हणत होतो त्यात अर्धी तर जुन्या वसुलीची खुन्नसच होती. आता असं काही निघालं की मी माणसाला आत बोलावतो, हळू सांगतो. मॅनेजर म्हणतो अण्णा मऊ पडले. पडलो असेन. पण त्या दिवशी ती खोटं बोलली आणि मी खरं बोललो, आणि घरी येताना मान माझी खाली होती, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

उसाचं बिल आल्यावर फेब्रुवारीत ती पाटली सोडवायला आली. व्याजासकट सगळे पैसे मोजून. मुलगा बाहेर गाडी चालू ठेवून उभा, आत आला नाही. पाऊच फोडून मी पाटली तिच्या हातात दिली. ती खोटी दुसऱ्या हातात होतीच, काचेच्या बांगड्यांच्या मधे, कडेनं मुलामा उडून तांबं दिसायला लागलेलं. मी हळूच म्हटलं, "मावशी, दुकानावर या, पॉलिश करून देतो, पैसे नकोत."

तिनं पदर त्या हातावर ओढला नाही.

"नको. आसूदे," म्हणाली. "त्येला दिसूदे."