मुंढा वर असला की हात मोकळा

मापाने शिवून घेतलेले चामड्याचे जाकीट पहिल्यांदा अंगात घातले, तेव्हा ते मला चक्क लहान वाटले. काखेत चामडे अगदी लगत येऊन टेकत होते आणि खालची लोकरी विणीची पट्टी पँटच्या पट्ट्याच्या वरच संपत होती. शिवणाऱ्या कारागिराने मला दोन्ही हात मोटारसायकलच्या हँडलवर ठेवल्यासारखे समोर धरायला सांगितले, मग डोक्यावर न्यायला सांगितले. हात वर गेले, पण जाकिटाची खालची कड जवळजवळ हलली नाही. माझे आधीचे तयार जाकीट मी मुद्दाम दोन मापे मोठे घेतले होते, तरी हात उचलताच ते बेंबीपर्यंत चढत असे. त्याचे कारण त्या दिवशी उमगले.

हे जाकीट ए-टू पद्धतीचे आहे. अमेरिकी लष्कराच्या हवाई विभागाने १९३१ मध्ये वैमानिकांसाठी स्वीकारलेला हा नमुना. झाकणाचे दोन खिसे, टिचबटणांनी दाबून बसवायची कॉलर, खांद्यावर पट्ट्या, समोर चेन आणि मनगटाला व कमरेला लोकरी वीण, एवढाच त्याचा साज. १९४३ मध्ये लष्कराने चामड्याऐवजी कापडी जाकिटांकडे मोर्चा वळवला. तोवर रफ वेअर, डुबो, पेरी, एरो अशा अनेक कंपन्यांनी ती कंत्राटावर शिवली. लष्कराचा तपशील एकच असला, तरी प्रत्येकीची बेतणी निराळी होती. कुणाची कॉलर टोकदार, कुणाची बाही सडपातळ, कुणाचे खांदे रुंद. आज इंग्लंडच्या डेव्हनमधील ईस्टमन, स्कॉटलंडच्या गॅलाशील्समधील एरो (नाव तेच, कंपनी नवी) किंवा जपानमधील रिअल मॅकॉयज यांच्यासारखे कारखाने जुन्या जाकिटांचा अभ्यास करून तसे नमुने पुन्हा बेततात. एका युद्धकालीन कंत्राटाचा कागदी नमुना दुसऱ्यापेक्षा वेगळा का बसतो, यावर तासन्‌तास बोलणारी माणसे मला भेटली आहेत, आणि मीही आता त्यांच्यातलाच आहे.

सगळे मर्म मुंढ्यात, म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात त्या गोल कापात आहे. फोनवर आईला हे सांगितले, तेव्हा तिला त्यात काहीच नवल वाटले नाही. ब्लाउजचा मुंढा खाली उतरला की हात वर करताना ब्लाउज वर चढतो, हे ती शिवणाच्या वर्गात शिकली होती. मुंढा खोल असेल तर बाही काखेच्या बरीच खाली, बरगड्यांपाशी अंगाला जोडली जाते, आणि हात उचलताच ती शिवण वर ओढली जाऊन आपल्याबरोबर अख्खे जाकीट उचलते. मुंढा काखेलगत असला आणि बाही किंचित पुढे झुकवून बसवलेली असली, तर हात आणि बाही जवळपास एकाच ठिकाणावरून फिरतात. ए-टूच्या पाठीला हालचालीसाठी चुण्या नसतात. ती एका अखंड तुकड्याची असते. म्हणून सारी सोय मुंढ्यातूनच काढावी लागते. माझी छाती ४० इंच आहे आणि जाकीट सपाट ठेवल्यावर काखेपासून काखेपर्यंत २१.५ इंच भरते. म्हणजे अवघी ३ इंच सैल जागा, तरीही आत स्वेटर मावतो.

लांबीबद्दल मीही चुकलो असतो. त्या काळी पँट बेंबीपर्यंत चढत असे आणि जाकीट तिथे येऊन मिळत असे. आजच्या खाली बसणाऱ्या पँटवर मधे शर्ट दिसतो, म्हणून बरेच जण लांबी वाढवून मागतात. मग बसल्यावर पोटावर चामड्याचा ढीग जमतो. पँट बदलावी, जाकीट नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

कापडाला ताणा-बाणा असतो, चामड्याला जनावराचे शरीर असते. पाठीच्या कण्यालगतचे चामडे घट्ट, पोटाकडचे सैल आणि ताणले जाणारे. माझ्या जाकिटाला घोड्याचे चामडे वापरले आहे. पाठीचा अखंड तुकडा आणि समोरचे दोन भाग आधी निवडायचे, तेही एकमेकांना शोभतील असे. सैल भाग नजरेआड राहणाऱ्या तुकड्यांना. इथे टाचणी चालत नाही, कारण सुईचे भोक बुजत नाही. म्हणून फिटिंगची चाचणी आधी साध्या कापडावर घेतात. दुमडायच्या कडा धारदार सुरीने सोलून पातळ करतात, जसे आपल्याकडे चर्मकार रापीने करतो, मग गोंद लावून हातोडीने ठोकून बसवतात. टाके इंचाला आठ ते दहा; त्याहून दाट घातले तर चामडे पोस्टाच्या तिकिटांसारखे भोकांच्या रेषेवर फाटते. कॉलरच्या टोकाशी माझ्या कारागिराने मशीन थांबवून चाक हाताने फिरवत शेवटचे तीन टाके घातले, ते मी जवळून पाहिले. दोन्ही टोके आरशात पाहावीत इतकी सारखी उतरली आहेत.

नवे जाकीट घासून जुने दाखवण्याची पद्धत मला मनापासून नापसंत आहे. वापरणाऱ्याचे कोपर जिथे वळते, तिथेच वळी पडायला हवी. माझ्या उजव्या बाहीवर दोन हिवाळ्यांत ती पडली आहे, आणि डावीवर अजून अर्धवट आहे.

मनगटाची वीण मात्र चामड्याआधी झिजते. गेल्या महिन्यात उजवा कफ उसवून नवा बसवून घेतला. जुने टाके एकेक कापून काढले आणि नवी शिवण मशीनचे चाक हाताने फिरवत, सुई जुन्याच भोकांत उतरवत घातली. एका कफाला दीड तास लागला. बाहीच्या कडेवर नवे भोक एकही पडलेले नाही. मी भिंगातून मोजून पाहिले.