कपाळाला काहीतरी लागलंय

२०२५ च्या मार्चमधली, गुरुवारची दुपार. गाडीचं ऑइल बदलायला दिलं होतं. ‘वीस मिनिटं’ म्हणाला, म्हणजे तास धरूनच बसले होते. कोपऱ्यात जळकट वासाची कॉफी, भिंतीवर आवाज बंद केलेला टीव्ही. त्यावर आदल्या रात्रीच्या मुलाखतीचा एकच तुकडा परत परत येत होता. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबिओ काहीतरी गंभीर बोलत होते (आवाज नव्हता, पण चेहरा गंभीर होता) आणि कपाळाच्या मधोमध काळ्या राखेचा क्रॉस. पुसटसा डाग नव्हे. चांगला बोटभर लांब, ठसठशीत.

माझा हात आपोआप कपाळाकडे गेला. माझ्याच. पुसायला.

ही सवय आजीमुळे लागलेली. पूजा आटोपली की ती उदबत्तीची राख चिमटीत धरून उंबऱ्याशी उभी राहायची. अंगारा लावून घेतल्याशिवाय चपला घालायच्या नाहीत. ‘जा आता, काही होत नाही,’ एवढंच म्हणायची. मी गल्लीच्या वळणापर्यंत तो कपाळावर सांभाळायचे आणि वळलं की बाहीने पुसून टाकायचे. देवावर राग नव्हता, पण वर्गात मुली हसायच्या. आजीला हे माहीत असणार. बाह्या धुवायची कोण? तीच.

वर्षातून एक दिवस मात्र पुसावं लागायचं नाही. राखेचा बुधवार, ख्रिस्ती लोकांच्या ईस्टरआधीच्या उपवासाचा पहिला दिवस. आम्ही तेव्हा वसईत राहायचो. वर्गातली अर्धी मुलं ख्रिस्ती, घरी आमच्यासारखंच मराठी बोलणारी. ती सकाळी चर्चमधून तशीच शाळेत यायची आणि वर्गभर काळी कपाळं. त्या गर्दीत माझा अंगारा खपून जायचा. बाकावर शेजारी बसणारीने एकदा निरखून विचारलं, ‘तुझी आजी लावताना काय म्हणते?’

‘काही होत नाही म्हणते.’

‘आमचे फादर म्हणतात, तू माती आहेस, मातीतच जाणार.’ मग जरा विचार करून म्हणाली, ‘बदलायचं का?’

आम्ही नऊ वर्षांच्या होतो. मी सरळ नाही म्हटलं.

टीव्हीकडे बघताना तेच आठवत होतं. तो क्रॉस म्हणजे काही विजयाचा टिळा नाही. गेल्या वर्षी चर्चमध्ये वाटलेल्या झावळ्या जाळून केलेली राख असते ती, आणि ‘मी मरणार आहे’ अशी पाटी. ती लावून माणूस रात्री नऊच्या कार्यक्रमात बसतो. एरवी कुठला राजकारणी हे कबूल करेल? बायडन उपाध्यक्ष असताना, २०१० साली, अशीच राख लावून लोकांसमोर आले, तर ब्रिटनमधल्या एका वृत्तनिवेदिकेला वाटलं, हे कुठेतरी आपटले. नंतर बिचारीने माफी मागितली. मला तिचीच बाजू पटते.

आणि याच देशात १९६० साली केनेडींना ह्यूस्टनला जाऊन प्रॉटेस्टंट पाद्र्यांची समजूत घालावी लागली होती, की मी कॅथलिक उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे, कॅथलिक असणं हा आपला योगायोग. तेव्हा कपाळ स्वच्छ असलेलं बरं होतं. आता नसलेलं बरं दिसतं.

माझी एक खोड आहे. शपथविधी असला की मी चेहरे बघत नाही, हात बघते. कुणाचा हात बायबलवर सपाट पडतो, कुणाचा नुसता टेकतो. केनेडी गेले त्या दिवशी विमानातच जॉन्सन यांचा शपथविधी झाला. घाईत हाताशी आलं ते पुस्तक बायबल म्हणून पुढे धरलं, आणि ते निघालं केनेडींचं कॅथलिक प्रार्थनापुस्तक. शपथ झाली ती झालीच. २०२५ च्या जानेवारीत मेलानिया ट्रम्प एक सोडून दोन बायबलं घेऊन उभ्या होत्या आणि ट्रम्प यांचा डावा हात खाली लोंबकळत होता. ‘थंडीने आखडला असेल,’ नवरा म्हणाला. थंडीमुळेच तर सोहळा आत घेतला होता, आत हीटर होता, हे मी त्याला सांगितलं. याच माणसाने २०२० च्या जूनमध्ये सेंट जॉन्स चर्चसमोर बायबल उंच धरलं होतं. त्याआधी शेजारच्या लाफिएट चौकातले निदर्शक पोलिसांनी हुसकावले होते. तुमचंच का, असं पत्रकाराने विचारल्यावर उत्तर आलं, एक बायबल आहे. खरं बोलला माणूस. उगाच माझं म्हणाला नाही.

घटनेच्या सहाव्या कलमात लिहिलंय की सरकारी पदासाठी धर्माची अट असणार नाही. ते कलम वाचून कुणी निवडणूक लढवत असेल असं वाटत नाही. आयझेनहॉवर यांनी अध्यक्ष झाल्यावर बारा दिवसांनी बाप्तिस्मा घेतला, बासष्टाव्या वर्षी. पुढच्या वर्षी शाळेतल्या प्रतिज्ञेत देव आला, १९५६ साली ‘इन गॉड वुई ट्रस्ट’ हे देशाचं ब्रीद झालं, आणि मग ते नोटांवर चढलं. रशियाचे कम्युनिस्ट देव मानत नाहीत, मग आपण मानतो हे दिसायला नको? पाच डॉलरच्या नोटेवरही ते आहे. त्या नोटेवरच्या लिंकनने आयुष्यात कुठल्याच चर्चचं सदस्यत्व घेतलं नाही. आज उभा राहिला तर उमेदवार निवडायच्या पहिल्याच फेरीत, आयोवातच पडेल.

मला यांच्यात खरे वाटायचे ते कार्टर. जॉर्जियातल्या प्लेन्स नावाच्या एवढ्याशा गावात, मारानाथा बॅप्टिस्ट चर्चमध्ये ते अध्यक्षपद गेल्यावर कित्येक वर्षं रविवारचा वर्ग घ्यायचे. (नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ‘मराठा’ ऐकू आलं होतं. अटलांटाच्या मराठी मंडळाने एवढी मजल मारली की काय, असं क्षणभर वाटलं.) लोक पहाटेपासून रांग लावायचे. माझी मावसबहीण जाऊन आली. ती सांगते, वर्ग सुरू करायच्या आधी कोण कुठून आलंय हे विचारायचे. ती ‘सांगली’ म्हणाली, तर म्हातारा नुसता हसला. आणि १९८० साली धार्मिक मतदारांनी या माणसाला सोडून रेगनना निवडलं, जे अध्यक्ष असताना क्वचितच चर्चला जायचे. का, ते मला अजून नीट कळलेलं नाही. मावसबहिणीला विचारलं, तर म्हणाली, ‘शिकवणाऱ्याला कोण मत देतं?’ ती शिक्षिका आहे.

आमच्या ऑफिसातला एक कॅथलिक सहकारी दर राखेच्या बुधवारी जेवणाच्या सुट्टीत चर्चला जातो आणि परत आल्यावर बेसिनपाशी उभा राहून कपाळ धुतो. एवढं लावून घेतलंस कशाला मग, मी विचारलं. म्हणाला, त्या दिवशी चर्चमध्ये वाचतात तो उतारा ऐक कधीतरी. उपवास करताना तोंड धू, लोकांना दिसेल असं करू नको, असं येशू सांगतो. ते ऐकायचं, राख लावून घ्यायची आणि बाहेर पडायचं. ‘काय करावं कळत नाही, म्हणून मी दोन्ही करतो,’ म्हणाला आणि कागदाने कपाळ टिपत मीटिंगला गेला.

सध्याच्या संसदेत ८७ टक्के सदस्य ख्रिस्ती आहेत. हिंदू चार, त्यांत आपले बेळगावचे श्री ठाणेदार. कुठलाच धर्म नाही म्हणणारे तिघं. बाहेर देशात असे लोक शंभरात अठ्ठावीस-एकोणतीस निघतात. उरलेले निवडणुकीपुरते कुठे जातात कोण जाणे.

तेवढ्यात काउंटरवरून माझ्या आडनावाची वाट लावत हाक आली. गाडी तयार. ‘आतून व्हॅक्युमपण केलीय, फुकट,’ मुलगा खुशीत म्हणाला. खरंच लखलखीत होती. सीटखालचे चिवड्याचे दाणे गेले होते, पार्किंगच्या पावत्या गेल्या होत्या. गिअरशेजारच्या खोबणीत वर्तमानपत्राच्या तुकड्याची एक पुडी असायची, तीही गेली होती. आजीने बांधून दिलेली, मी पहिल्यांदा इकडे यायला निघाले तेव्हा. दोन गाड्या बदलल्या, पुडी या गाडीतून त्या गाडीत आली. विश्वास म्हणून असं नाही. असायची, एवढंच.

मुलगा समोर उभा होता. काय सांगणार, माझी राख कुठाय? पाच डॉलरची नोट काढून हातावर ठेवली, थँक्यू म्हटलं.

घरी येताना हायवे घेतला नाही. आतल्या रस्त्याने आले, सावकाश.