एकाच गाठीत दोन कॅन्सर दिसतात, मग सुरुवात किती पेशींपासून?

फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रिपोर्टवर अ‍ॅडेनोस्क्वॅमस असं लिहून आलं की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, म्हणजे दोन कॅन्सर झालेत का? प्रश्न रास्त आहे, कारण स्लाइडवर एका बाजूला ग्रंथीसारख्या नळ्या करणाऱ्या, म्हणजे अ‍ॅडेनो पेशी दिसतात आणि त्यांना अगदी खेटून केराटिन (त्वचेत, नखांत असतं ते प्रोटीन) बनवणाऱ्या स्क्वॅमस पेशी, आणि दोन्ही प्रकार किमान १०-१० टक्के असतील तरच हे नाव द्यायचं असा डब्ल्यूएचओचा नियम आहे.

नुसतं मायक्रोस्कोपमधून बघून याचा निकाल लागत नाही, त्यासाठी लेझरने दोन्हीकडचा भाग वेगवेगळा कापून त्याचा डीएनए वेगवेगळा तपासावा लागतो. टीपी५३ हा जीन शेकडो ठिकाणी बिघडू शकतो, तरी बऱ्याच केसेसमध्ये दोन्ही भागांत नेमक्या त्याच जागी तोच बदल सापडतो, पेशीला वाढीचा इशारा देणाऱ्या ईजीएफआर या जीनमध्ये म्युटेशन (बिघाड) असेल तर तेही बहुतेक वेळा दोन्हीकडे सारखंच. आता याला योगायोग तरी किती म्हणणार? सरळ आहे, एकाच बिघडलेल्या पेशीची ही सगळी पिल्लावळ, आणि पुढे तिच्या दोन वाटा झाल्या. (हे बिघाड बहुतेक करून जन्मभरात त्या पेशीत झालेले असतात, आईवडिलांकडून आलेले नसतात, त्यामुळे मुलाबाळांनी लगेच घाबरून जायचं कारण नाही.) खरोखरच दोन वेगळ्या गाठी वाढत वाढत एकमेकींना भिडल्या असंही होतं, पण क्वचित.

मग एकाच पेशीचे दोन चेहरे होतात कसे, मला सगळ्यात भारी वाटतो तो हा भाग. २००७ साली उंदरांवरचं एक काम आलं, केआरएएस हा जीन बिघडवलेल्या उंदरांमधला एलकेबी१ हा जीन पण काढून टाकला तर नेहमीच्या अ‍ॅडेनोसोबत स्क्वॅमस आणि मिश्र गाठी पण व्हायला लागल्या. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की अ‍ॅडेनोच्या पेशीच रूप पालटून स्क्वॅमस होतात. म्हणजे दरवेळी नवं म्युटेशन लागतंच असं नाही, फुप्फुसाच्या पेशीची ओळख टिकवणारा एनकेएक्स२-१ हा जीन बंद पडला आणि स्क्वॅमसकडे नेणारे एसओएक्स२, पी६३ जोरात चालू झाले की डीएनए जवळपास तोच राहूनही पेशीचं वागणं बदलतं.

स्मॉल सेल या फुप्फुसाच्या आणखी एका कॅन्सरचं तर याहून अवघड. ईजीएफआर म्युटेशन असलेल्या अ‍ॅडेनोसाठी ईजीएफआरला रोखणारी गोळी चालू असलेल्या काही पेशंट्समध्ये औषध लागू पडेनासं होतं, परत बायोप्सी केली तर स्मॉल सेल निघतो, आणि त्याच्या डीएनएमध्ये ते जुनं ईजीएफआर म्युटेशन जसंच्या तसं बसलेलं असतं! फक्त आरबी१ आणि टीपी५३ हे जीन सहसा दोन्ही निकामी झालेले असतात आणि पेशी ईजीएफआरचं प्रोटीन जवळपास बनवतच नाही, मग गोळी धरणार कशाला.

सुईने घेतलेल्या बायोप्सीत येतो एवढासा तुकडा, त्यात गाठीचा एकच भाग आला तर दुसरा कळतच नाही, म्हणून अ‍ॅडेनोस्क्वॅमसचं पक्कं निदान ऑपरेशनने काढलेल्या गाठीवरच होतं. न दिसलेल्या भागात अ‍ॅडेनो आणि गोळी लागू पडेल असं ईजीएफआर म्युटेशन असू शकतं, आणि म्हणूनच सिगारेट कधीच न ओढलेल्या माणसाच्या छोट्या बायोप्सीत नुसतं स्क्वॅमस आलं तरी जीन टेस्ट करून घ्या असं गाइडलाइन्स पण सांगतात, डॉक्टरांनी विषय काढला नाही तर आपण काढायचा.