मिठाच्या पुडीवर तारीख

मी भांडुपला राहते आणि पाच घरी स्वयंपाकाची कामं करते. त्यातल्या एका घरी आजोबांना बीपी आहे. सहा वर्षं झाली, त्यांची भाजी मी आधी वेगळ्या वाटीत काढते आणि मगच पातेल्यात मीठ टाकते. म्हणजे बीपीला मीठ वाईट हे मला पाठ होतं. पण ते त्यांच्या घरचं पथ्य. आपल्यालाही बीपी असेल हे कधी मनात आलं नाही.

गेल्या वर्षी वस्तीत महापालिकेचं तपासणी शिबिर लागलं. रांग नव्हती म्हणून बसले. 168/102 निघालं. सिस्टरनी पाच मिनिटं गप्प बसवून पुन्हा घेतलं, तरी 164. दोन दिवसांनी दवाखान्यात गेले तेव्हाही तेवढंच. अॅम्लोडिपिन 5 ची गोळी सुरू झाली, रोज एक, फुकट.

महिन्याभरात डोकं दुखायचं थांबलं. गोळ्या संपल्या आणि मी परत गेलेच नाही. दवाखाना सकाळी आणि माझी कामंही सकाळीच. त्यात खाडा झाला की पैसे कापतात. पुढे गळून गेल्यासारखं वाटायला लागलं, म्हणून गल्लीतल्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अशक्तपणा म्हणून सलाईनच्या दोन बाटल्या चढवल्या. बीपी मोजलंसुद्धा नाही. नंतर पालिकेच्या सिस्टरना हे सांगितलं, तर त्यांनी कपाळाला हात लावला. अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं. मोठ्या माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमच्या आत मीठ खावं, म्हणजे चहाच्या सपाट एका चमच्याहून थोडं कमीच. मला दिवसभराच्या मिठाच्या जवळजवळ दुप्पट मीठ शिरेतून दिलं होतं, आणि त्याचे मी पैसे मोजले होते. तो राग अजून गेलेला नाही.

गोळी पुन्हा सुरू झाली. सिस्टरनी विचारलं, "ताई, तुमच्या घरी मिठाची पुडी किती दिवस जाते?" मला सांगताच येईना. तेलाचा हिशेब तोंडावर असतो, मिठाचा कोण ठेवतं? त्या म्हणाल्या, पुडी फोडाल त्या दिवशी पेनाने तारीख घाला. घातली. आम्ही घरात पाच माणसं, एक किलोची पुडी अठरा दिवसांत संपली. मुलाने मोबाइलवर भागाकार केला. माणशी रोज अकरा ग्रॅम. शिवाय बाहेरचं खाणं वेगळं.

मग मी बघायला लागले की जातं कुठे. दवाखान्याच्या भिंतीवरच्या चित्रात लोणचं आणि पापडावर फुली होती, बाजूला सफरचंद होतं. आमच्याकडे पापड सणालाच तळतात आणि सफरचंद कोणी आजारी पडलं तर येतं. आमचं मीठ दुसरीकडेच होतं. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर भाजी पातळ होते, मग रश्शाला चव यावी म्हणून तिखट-मीठ वाढतं. डाळ संपली की ठेचा. पाट्यावर मिरच्या, लसूण आणि वर मुठीने खडेमीठ. तो जितका खारट तितका थोडक्यात पुरतो, बोटभर ठेच्यात एक भाकरी जाते. पावसाळ्यात खारा बांगडा. माझं स्वतःचं सकाळचं खाणं म्हणजे चहा आणि खारी, दुपारी दोन घरांच्या मधे वडापाव. त्या वड्यात मीठ, चटणीत मीठ आणि पावातही मीठ असतं, हे मी कधी धरलंच नव्हतं.

म्हणून "मीठ कमी करा" एवढं सांगून आमच्यासारख्यांचं भागत नाही. आमच्या ताटात भाजीचं काम मीठ करत असतं. ते काढलं तर कोरडी भाकरी घशाखाली उतरणार कशी, हेही सांगावं लागतं.

मी भातात मीठ घालायचं आधी बंद केलं, मग चपातीच्या कणकेत. त्याचं कोणाला कळलंही नाही. आमटीतलं कमी केलं तेव्हा मात्र मालकांनी ताट सरकवलं, "हे अळणी कोण खाणार?" सासूबाईंना ताटात चिमूटभर मीठ लागतंच, जन्माची सवय. मी एकदम तोडलं नाही, दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत गेले. आमटीत आमसूल वाढवलं, वरून कच्चा लसूण ठेचून घातला. ठेच्यात दाण्याचं कूट आणि लिंबू घातलं, खडेमीठ चिमटीवर आणलं. रात्री नऊनंतर बाजारात पालेभाजीच्या जुड्या स्वस्त होतात, कामावरून येताना त्या उचलते. वडापावाच्या जागी डब्यात चपाती आणि मोडाची मटकी. यासाठी पहाटे अर्धा तास लवकर उठावं लागतं, ते सोपं नाही.

शेजारच्या काकूंनी सैंधव घ्यायला सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, तेही मीठच, फक्त महाग. कमी सोडियमच्या मिठाचं विचारलं, तर म्हणाले त्यात पोटॅशियम असतं. सासूबाईंना शुगर आहे, त्यांची किडनी तपासल्याशिवाय घरात आणू नका.

दीड महिन्यानंतर माझं बीपी 146/92 होतं, आता सहा महिन्यांनी 132/84 आहे. यात गोळीचा वाटा मोठा आहे, ती मी आता एक दिवसही चुकवत नाही. मागची पुडी एकतीस दिवस गेली. माणशी साडेसहा ग्रॅमच्या आत.

मालक वॉचमन आहेत, रात्रपाळीत चहा आणि फरसाणवर जागतात. त्यांनी अजून एकदाही बीपी मोजलेलं नाही. सोमवारी पाळीवरून सुटले की थेट दवाखान्यात यायचं कबूल केलंय. मी त्या दिवशी पहिल्या घरी उशिरा येते म्हणून सांगून ठेवलंय.