उरलेल्या चार गोळ्या

तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गर्भपाताच्या गोळ्या घेऊन, मग घाबरून धावत येणाऱ्या स्त्रिया मला नवीन नाहीत. पण बाजाराच्या दिवशी दुपारी नणंदेबरोबर आलेल्या एका बाईंनी रुमालातून काढून टेबलावर ठेवलेली स्ट्रिप अजून डोळ्यांसमोर आहे. तिच्यातला एकच खळगा फोडलेला होता आणि चार गोळ्या जशाच्या तशा होत्या.

"मॅडम, परवा रात्री नऊला एक घेतली, काहीच झालं नाही. डुप्लिकेट असंल. मेडिकलवाला दुसरं पाकीट घ्या म्हणतोय."

या चार गोळ्यांचे काय, असे विचारल्यावर त्या म्हणाल्या, "पहिलीनं गुण नाही आला तर असाव्यात म्हणून दिल्यात ना?" पाकीट नवऱ्याने शेजारच्या गावातून आणले होते आणि त्यावरचे इंग्रजी घरात कोणालाच वाचता येत नव्हते.

पहिली गोळी खोटी नव्हती. गर्भाशयाचे अस्तर धरून ठेवणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचे काम मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची ही गोळी अडवते. बहुतेक स्त्रियांना तिने काहीच जाणवत नाही, फार तर थोडे डाग दिसतात. त्यानंतर २४ ते ४८ तासांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलच्या चार गोळ्या पिशवीचे तोंड मऊ करतात आणि तिला आकुंचन पावायला लावतात. शेतात राबणाऱ्या त्या बाईंना मी एवढेच सांगितले, की पहिली गोळी मुळाशी माती सैल करते आणि रोप उपटायचे काम पुढच्या चार गोळ्यांचे असते. पहिली गोळी घेऊन एक्केचाळीस तास झाले होते, म्हणजे वेळ अजून हातची गेली नव्हती.

दिवसांचा हिशेब मात्र चुकलेला होता. "महिना झाला" असे त्या म्हणत होत्या तो पाळी चुकल्यापासूनचा महिना. डॉक्टर मोजतात शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. सोनोग्राफीत आठ आठवडे तीन दिवस निघाले. आपल्याकडे या गोळ्यांची मर्यादा नऊ आठवड्यांची आहे, तेव्हा नवे पाकीट आणण्यात आणखी चार दिवस गेले असते तर मर्यादा संपली असती. गर्भ पिशवीतच आहे, नळीत नाही, हेही त्याच तपासणीत कळले. नळीतल्या गर्भावर या गोळ्यांचा उपयोग होत नाही, आणि होणारा रक्तस्राव गोळ्यांचाच समजून बाई घरी बसून राहिली, तर नळी फुटून जिवावर बेतू शकते. (गर्भलिंगनिदानाच्या धास्तीने काही दुकानदार या गोळ्यांची विक्री चोरटेपणाने करतात. वास्तविक नवव्या आठवड्यापर्यंत सोनोग्राफीत लिंग कळतच नाही. पण चोरून विकलेल्या पाकिटाबरोबर चार शब्द समजावून सांगायला कोण थांबणार?)

"ह्यांची सही लागंल ना?" त्यांनी हळूच विचारले. १९७१च्या कायद्यानुसार अठरा वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते, हे ऐकून नणंदेनेच आधी सुस्कारा सोडला.

हिमोग्लोबिन पाहून चार वाजता दोन गोळ्या एका गालात आणि दोन दुसऱ्या गालात ठेवायला दिल्या, अर्ध्या तासाने उरलेला चोथा पाण्याबरोबर गिळायला सांगितला आणि वेदनाशामक गोळीही दिली. पुढे काय होईल ते आधीच सांगून ठेवले: थंडी वाजेल, जुलाब किंवा उलटी होईल, पोटात पाळीपेक्षा जास्त कळा येतील, गाठी पडतील. मात्र लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन पॅड पूर्ण भिजली, किंवा ताप दुसऱ्या दिवशीही उतरला नाही, तर वाट न पाहता यायचे.

पाऊण तासात त्यांचे दात वाजू लागले. सिस्टरने दोन ब्लँकेटे घातली, तरी खाट हलत होती. नणंद रडकुंडीला आली तेव्हा खाटेवरूनच आवाज आला, "अगं, थंडी वाजणार म्हणून मॅडमनी सांगितलंय की." साडेसहाला रक्तस्राव सुरू झाला, आठच्या सुमारास मोठी गाठ पडली आणि त्यानंतर कळा ओसरत गेल्या. रात्री दहाला त्यांनी चहा मागितला.

पंधराव्या दिवशी त्या एकट्याच तपासणीला आल्या. मधे जावेने आग्रहाने घरी लघवीची तपासणी करायला लावली होती आणि पट्टीवर पुन्हा दोन रेघा आल्या होत्या. "मी तिला म्हटलं, तीन-चार आठवडे येऊ शकतात, सोनोग्राफीत कळंल." सोनोग्राफीत पिशवी रिकामी होती. दिवस पुन्हा राहायला पुढच्या पाळीची वाट पाहावी लागत नाही, हे मी सांगितल्यावर त्या जरा विचारात पडल्या, फोन करायला बाहेर गेल्या आणि फोन न करताच परत आल्या. तांबी बसवून घेऊन त्या चारच्या एसटीने गावी गेल्या.