बाई मतदानात पडल्या

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिही असा ग्रुपवर मेसेज आला तेव्हा वाटलं दहा मिनिटांचं काम, पण आमची शाळा काढणाऱ्या बाईंबद्दल लिहायला बसलं की "संस्कारांची शिदोरी" वगैरेच सुचतं, आणि ते वाचून बाईंनी नक्की विचारलं असतं, म्हणजे नेमकं काय रे?

आमच्याकडे छडी नव्हती, नंबर नव्हते. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायलाही बंदी घातली, बाईंनी शाळा काढतानाच दोन्ही बंद केलं होतं, टोमणेसुद्धा चालायचे नाहीत.

पण खरी गंमत शुक्रवारच्या सभेची. ए. एस. नील या ब्रिटिश शिक्षकाने १९२१ साली काढलेल्या समरहिल शाळेत पोरांना आणि हेडमास्तरला सारखंच एकेक मत, ते बाईंनी सरळ उचललं. एकदा विषय होता मधल्या सुट्टीत लायब्ररी उघडी ठेवायची का. बाई म्हणाल्या नको, पोरांनी मैदानावर पळावं. तिसरीतली एक मुलगी उठली, म्हणाली मला पळायला नाही आवडत, मग मी कुठे जाऊ? हात वर झाले, बाई पडल्या. खडू घेऊन ठराव त्यांनीच फळ्यावर लिहिला, खाली सही केली आणि लायब्ररीची किल्ली त्या मुलीकडे दिली, पदराला गाठ मारून ठेवलेली, ती सुटेचना म्हणून सगळे हसतोय.

सगळंच गोड नव्हतं हां. दहावीला वेळ लावून पेपर लिहायची सवयच नाही, आईवडिलांची धावपळ, आणि पुढे कॉलेजात "सर, पण असंच का?" विचारलं की सर वैतागायचे. तिकडे बाईंनी जरा लक्ष द्यायला हवं होतं असं माझं मत आहे.

आमच्या बॅचची एक डॉक्टर आहे, प्रत्येक पेशंटला गोळी कशासाठी ते समजावत बसते, तिची ओपीडी कधीच वेळेत संपत नाही. मी मीटिंगमध्ये सगळ्यात नव्याला आधी बोलायला लावतो, कारण साहेब एकदा बोलले की बाकीचे नुसत्या माना डोलावतात.

आता ग्रुपवर बाईंचा अर्धपुतळा बसवायचा की त्याच पैशात लायब्ररी संध्याकाळी उघडी ठेवायची यावर पोल चालू आहे. पुतळा पुढे आहे. मी विरोधात मत दिलंय, भांडणही करून झालंय. स्मरणिका हातात पडेपर्यंत निकाल लागलेला असेल, आणि पुतळा जिंकला तर वर्गणी मीही देणार, सभेचा नियमच तो.