२५ युरो कमी पडले, आणि १७ दिवस गेले

यंदा माझा मावसभाऊ जर्मनीला निघतोय. परवा रात्री त्याने फोनवर सहज विचारलं, "ताई, ब्लॉक्ड अकाउंटचं काय असते गं? सोपं असते ना?" त्या 'सोपं'वर मी अर्धा तास बोलत राहिले. फोन ठेवल्यावरही राग गेला नव्हता. म्हणून सगळं एकदा लिहून काढते आहे, म्हणजे त्याच्यासारख्या आणखी कुणाला उपयोग होईल.

मी नागपूरची, प्रतापनगरची. मेकॅनिकलची डिग्री नागपुरातच झाली. गेल्या ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या माग्देबुर्गला मास्टर्स करते आहे. विद्यापीठाकडून प्रवेश मिळायला मला काहीच त्रास झाला नाही. एपीएसचं, म्हणजे इथल्या डिग्रीच्या कागदांच्या पडताळणीचं, प्रमाणपत्र भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं आहे. त्याचे १८,००० रुपये भरले, कागद पाठवले, प्रमाणपत्र आलं. आयईएल्ट्स ही इंग्रजीची परीक्षा झाली. प्रवेशाचं पत्र जूनमध्ये ईमेलने आलं. आईने टेकडीच्या गणपतीला जाऊन पेढे ठेवले. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

अडलं ते पैशावर. पैसे नव्हते म्हणून नाही. पैसे असून अडलं, म्हणूनच जास्त लागलं.

जर्मनीचा स्टुडंट व्हिसा हवा असेल तर बहुतेकांना एका वर्षाचा राहण्याचा खर्च आधीच तिथल्या खात्यात भरून दाखवावा लागतो. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे, म्हणजे महिन्याला ९९२. खातं आपल्याच नावाचं असतं, पण त्यातले पैसे हवे तेव्हा काढता येत नाहीत, म्हणून ते ब्लॉक्ड अकाउंट. तिथे पोचल्यावर दर महिन्याला ९९२ युरो सुटतात. खातं उघडणाऱ्या कंपन्या आहेत, ऑनलाइन फॉर्म भरला की दोन-चार दिवसांत खाते क्रमांक येतो. पूर्ण रक्कम जमा झाली की ते एक कन्फर्मेशन देतात. तो कागद नसेल तर व्हिसाच्या अपॉइंटमेंटला जाऊन काही उपयोग नाही. (रक्कम मधूनमधून बदलते. निघण्याआधी दूतावासाच्या साइटवर एकदा बघून घ्यायची, कुणाच्या सांगण्यावर जायचं नाही. माझ्यासुद्धा.)

बाबा शाळेत शिक्षक होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले. लोन घ्यायचं नाही हे त्यांनी ठरवलेलं. दोन एफडी मोडल्या, थोडे पीएफचे होते. तेव्हा युरो शंभर रुपयांच्या आसपास होता, म्हणजे जवळजवळ बारा लाख. एवढी मोठी रक्कम बाबांनी आयुष्यात पहिल्यांदाच एका वेळी कुठे पाठवली असेल.

घराजवळच्या शाखेत गेलो तर पाच मिनिटांत बाहेर. "परदेशी पैसे इथून नाही जात काका, मोठ्या शाखेत जा." ही पहिली गोष्ट लक्षात ठेवा: प्रत्येक शाखेतून परकीय चलन पाठवता येत नाही. आधी फोन करून विचारा. सुभाषनगरवरून मेट्रो पकडली आणि सीताबर्डीला उतरून मोठ्या शाखेत गेलो. जुलैचा पाऊस सुरू होता. बाबांनी कागदांची फाईल प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी शर्टाच्या आत धरली होती.

तिथे फॉरेक्सचं काम बघणारा एकच माणूस. पहिल्या दिवशी तो रजेवर. दुसऱ्या दिवशी ए-टू फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवायचा अर्ज, मिळाला. तिसऱ्या दिवशी म्हणे बाबांची सही जुळत नाही. बाबा मराठीत सही करतात, चाळीस वर्षांपासून. खातं उघडलं तेव्हाची सही तरण्या हाताची, आताची थोडी थरथरती. समोरच्याने कागद परत सरकवला आणि म्हणाला, "पुन्हा करा, नीट करा." बाबांनी कोऱ्या कागदावर सहा वेळा सही करून दाखवली. सहा! मी शेजारी उभी होते. हजारो मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर ज्या हाताने सह्या केल्या, त्या हाताला कुणी तरी 'नीट करा' म्हणत होतं, आणि बाबा शांतपणे 'हो साहेब' म्हणत होते. तो प्रसंग आठवला की आजही माझा घसा दाटतो. ज्यांचे आईवडील पैसे पाठवणार आहेत त्यांनी आधीच एक दिवस काढून बँकेत सही अपडेट करून घ्या. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण त्याच दिवशी करायला गेलात तर सगळा दिवस जातो.

मग टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच कापून घेते तो कर. स्वतःच्या पैशातून शिक्षणासाठी पाठवत असाल तर वर्षाला दहा लाखांपर्यंत काही कापत नाहीत, त्याच्या वरच्या रकमेवर २०२५ मध्ये ५ टक्के कापत होते. आमचे साडेनऊ हजारांच्या आसपास कापले गेले. तो कर पॅनवर जमा दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, म्हणून त्याची पावती जपून ठेवायची. मान्यताप्राप्त बँकेचं शैक्षणिक कर्ज असेल तर २०२५ च्या एप्रिलपासून टीसीएस लागतच नाही. हे त्या काउंटरवर आम्हाला कुणी सांगितलं नाही, मी रात्री बसून वाचून काढलं.

रेटचंही तसंच. बँकेच्या बोर्डावर जो रेट असतो तो शेवटचा नसतो. मोठी रक्कम असेल तर मॅनेजरकडे जाऊन स्पष्ट विचारायचं, "यापेक्षा चांगला रेट मिळेल का?" एका युरोमागे एक रुपया कमी झाला तरी ११,९०४ रुपये वाचतात. आम्ही विचारलं आणि ९० पैसे कमी झाले. दुपारी उशिरा गेलात तर त्या दिवसाचा रेट लागत नाही, सकाळीच जा.

अखेर २२ जुलैला पैसे गेले. मी काउंटरवर दोनदा म्हटलं होतं, "सगळे चार्जेस आमच्याकडूनच कापा, तिकडे पूर्ण रक्कम पोचली पाहिजे." उत्तर आलं, "ते सिस्टम आपोआप घेते."

सिस्टमने काहीही आपोआप घेतलं नाही.

२५ जुलैला कंपनीचा ईमेल: रक्कम मिळाली, २५ युरो कमी आहेत, पूर्ण रक्कम जमा झाल्याशिवाय कन्फर्मेशन देता येणार नाही.

नागपूरहून निघालेले पैसे थेट जर्मनीत पोचत नाहीत, मधे एक-दोन बँका असतात आणि प्रत्येक बँक आपलं काही ना काही काढून घेते. फॉर्मवर चार्जेसचे तीन पर्याय असतात: ओ-यू-आर म्हणजे सगळे चार्जेस पाठवणाऱ्याचे, एस-एच-ए म्हणजे वाटून, आणि बी-ई-एन म्हणजे घेणाऱ्याचे. आपल्याला ओ-यू-आर हवा. मी स्विफ्टची कॉपी, म्हणजे आपल्या बँकेने पुढच्या बँकेला पाठवलेल्या संदेशाची प्रत, मागून घेतली. त्यात ७१-ए असं लिहिलेली एक ओळ होती, तिच्यापुढे एस-एच-ए छापलेलं होतं. तीन अक्षरं. ही कॉपी प्रत्येकाने मागायचीच, काही न बिघडलं तरी मागायची, आणि घरी नेऊन नाही, काउंटरवरच वाचायची.

माझी अपॉइंटमेंट ११ ऑगस्टची होती, मुंबईची. ती तारीख मिळवायला मी किती रात्री जागले ते मलाच माहीत. सोडली तर पुढची कधी मिळेल याची शाश्वती नव्हती, आणि ऑक्टोबरमध्ये सेमिस्टर सुरू.

परत गेलो. "आमच्याकडून पूर्ण गेले मॅडम, तिकडच्या बँकेला विचारा." तिकडच्या बँकेला मी प्रतापनगरात बसून कसं विचारणार? दुसऱ्या दिवशी तो माणूस ट्रेनिंगला. तिसऱ्या दिवशी म्हणे २५ युरोसाठी सुद्धा नवा ए-टू फॉर्म, नवं डिक्लेरेशन, पॅनची नवी झेरॉक्स, प्रवेशपत्राची नवी झेरॉक्स लागेल. सगळे कागद गेल्याच आठवड्यात याच टेबलावर दिले होते. बाबा खाली उतरून पावसात झेरॉक्स काढून आले. परत आल्यावर आधी त्यांनी रुमालाने कागद पुसले, मग चष्मा.

त्या दिवशी मी आवाज चढवला. मॅनेजरच्या केबिनमध्ये जाऊन ती स्विफ्टची कॉपी टेबलावर ठेवली, ७१-ए वर बोट ठेवलं आणि म्हणाले, हे तुमच्याकडून चुकलं आहे, माझी व्हिसाची तारीख जाईल. आवाज चढवला याचं मला जराही वाईट वाटत नाही. त्याआधीच चढवायला हवा होता.

काम केलं ते शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी. त्यांचं ते कामही नव्हतं. "काका, तुम्ही बसा बरं इथं, मी पाहते काय होऊन राहिलं ते." त्यांनीच सांगितलं की बरोबर २५ पाठवू नका, परत मधे काही कापलं गेलं तर तिसऱ्यांदा यावं लागेल, थोडे जास्त पाठवा. ६० पाठवले, ओ-यू-आरवर स्वतः टिक करून, माझा रेफरन्स नंबर एकेक अक्षर मोठ्याने वाचून. ६० युरो पाठवायला चार्जेस आणि जीएसटी धरून दोन हजारांच्या वर गेले. त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही. ३१ जुलैला पैसे गेले, ५ ऑगस्टला कन्फर्मेशन आलं. पहिल्यांदा घराजवळच्या शाखेत गेलो होतो १९ जुलैला. १७ दिवस. मेल वाचून दाखवला तेव्हा बाबा काही बोलले नाहीत, उठून आत गेले आणि देवापुढचा दिवा लावला. दुपारचे तीन वाजले होते.

म्हणजे सुरुवातीलाच ८०-१०० युरो जास्त पाठवणं शहाणपणाचं. माझे जास्तीचे मला पहिल्या हप्त्यासोबत परत मिळाले. तुमच्या कंपनीचा नियम तेवढा वाचून घ्या.

मुंबईचं काम वीस मिनिटांत झालं. दुरांतोने रात्री निघालो, ७५ युरोची फी रुपयांत भरली, बोटांचे ठसे दिले. सप्टेंबरमध्ये व्हिसा आला.

मावसभावाने हेही विचारलं की तिथे दिवस कसा जातो. डिसेंबरचा सांगते. सकाळी साडेसातला उठते तेव्हा बाहेर मिट्ट काळोख असतो, उजाडतं आठनंतर. ट्रॅमने विद्यापीठ. नऊला लॅब. दुपारी मेन्झामध्ये, म्हणजे विद्यापीठाच्या कँटीनमध्ये, तीन-चार युरोत पोटभर जेवण मिळतं. शाकाहारी पदार्थ रोज असतो, पण तिखट म्हणून काही नसतं. मी आईने दिलेली लसणाची चटणी छोट्या डबीत सोबत नेते. चार वाजता सूर्य मावळतो. तेव्हा नागपुरात साडेआठ झालेले असतात, बाबांचं जेवण झालेलं असतं, आणि एल्बे नदीच्या काठाने घरी चालत जाताना मी त्यांना फोन करते. संध्याकाळी अभ्यास, किंवा आठवड्यातले दोन दिवस काम. (विद्यार्थ्यांना वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येतं.) रविवारी सगळी दुकानं बंद, शनिवारीच दूध-भाजी आणून ठेवावी लागते. पहिल्या रविवारी माझ्याकडे फक्त मॅगी होती.

९९२ मध्ये भागतं का? माझं भागतं. होस्टेलचं भाडं ३१० आणि आरोग्य विमा दीडशेच्या जवळ. ते दोन गेले की बाकीचं जपून वापरायचं.

एक महत्त्वाचं राहिलंच. पोचलात की लगेच ९९२ सुटत नाहीत. आधी घराचा पत्ता नगरपालिकेत नोंदवायचा, तिथलं चालू खातं उघडायचं, मग ते कागद कंपनीला पाठवायचे. माझा पहिला हप्ता २४ ऑक्टोबरला आला. तोपर्यंत घराचं डिपॉझिट, भाडं, चादरी, भांडी, सगळं फॉरेक्स कार्डवरच्या पैशांतून. कमीत कमी एका महिन्याचा खर्च वेगळा सोबत आणा.

त्या दिवशी बाबांना फोन केला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पूर्ण आले का?" मी म्हटलं, "पूर्ण आले बाबा. वरचे पण." पलीकडे पेनचा आवाज आला. ते वहीत लिहून घेत होते.

आणि मावसभावासाठी: ती फाईल अजून प्रतापनगरला बाबांच्या कपाटात आहे. ए-टू फॉर्मची भरलेली झेरॉक्स त्यात तिसऱ्या पानाला आहे, चार्जेसच्या रकान्याला मी लाल पेनाने गोल केला आहे. जाऊन घे. फोन करून जा, बाबा दुपारी दोन ते चार झोपतात.